डोंगरची मारवेल

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी हर्षद भांडुपच्या तबेल्यात शिरला तो नव्या पँटचे पाय दोन्ही हातांनी वर धरून.

"काका, सोडा ती पँट. सकाळीच सगळं धुतलंय," श्वेता आतून ओरडली.

"मागच्या पाडव्याला तुझ्यावर विश्वास ठेवला आणि बूट टाकून द्यावे लागले," हर्षद म्हणाला, पण पँट सोडली.

दारात रत्नप्रभावहिनीने शेणाचा इवलासा गोठा घातला होता. आत काड्यांचे पाय लावलेली कारीटाची गुरं उभी होती. गावी, परुळ्याला घालत तसाच हा गोठा, आणि आबा त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले होते. हर्षदने वाकून नमस्कार केला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला. गिरणी बंद पडल्यावर आबांनी, म्हणजे गुणाजी परुळेकरांनी, याच जागी दोन म्हशी बांधल्या होत्या. आता सहा होत्या आणि एक पारडी.

उठताना हर्षदची नजर सवयीने मागच्या भिंतीकडे गेली. इथे आला की तो आधी भिंत बघे, मग माणसं. दोन पावसाळ्यांपूर्वी डोंगराची माती ती भिंत फोडून आत आली होती. एक म्हैस जागीच गेली. आबा गुडघ्यापर्यंत चिखलात रुतून उभे होते, आणि त्यांना बाहेर ओढताना त्यांच्या तोंडातून आवाज निघत नव्हता. तो न निघालेला आवाज हर्षदला मुलुंडच्या फ्लॅटमध्ये अजून ऐकू येई. भिंत पुन्हा बांधली गेली. पण भिंतीमागे डोंगर होताच.

म्हणून त्याने ठेकेदार गाठला होता. उतार खरवडायचा, लोखंडी जाळी ठोकायची, वर सिमेंट मारायचं. भाऊबीज झाली की माणसं येणार होती. मध्ये उभी होती ती दादाची लेक श्वेता आणि तिचं गवत.

ती मुलुंडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. माती आली त्याच वर्षी तिने उताराच्या एका बाजूला मारवेल लावली होती. अर्धे पट्टे गावाहून आणलेल्या ठोंबांचे, ते आबांच्या हट्टापायी. अर्धे याच डोंगराच्या माथ्यावर आपोआप वाढणाऱ्या मारवेलीचे. यंदाच्या पावसात गवत होतं तिथली माती जागची हलली नाही; उघड्या बाजूची पुन्हा घसरली. एवढ्यावर हर्षदचं समाधान नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दादाचंही नव्हतं. गणपतीत सगळे जमले तेव्हा दादा, म्हणजे राजेश, स्पष्ट बोलला होता, "गवत नुसतं उभं राहणार आणि मी म्हशींना बाहेरून वैरण आणत बसणार? हे नाही परवडत, श्वेता. म्हशींनी आपण होऊन खाल्लं तर मी तुझ्या बाजूने. नाहीतर हर्षद म्हणतो तसं सिमेंट."

म्हशींची परीक्षा पाडव्याला घ्यायची, हे तेव्हाच ठरलं होतं. एरवीही त्या दिवशी आधी गुरं जेवत आणि मग माणसं.

"सुरू करायचं का?" श्वेताने विचारलं. तिचे केस घट्ट बांधलेले होते आणि कोपरापर्यंत गवताचे ओरखडे होते. "तीन गव्हाणी. एकीत नेहमीचं पारा गवत, नाल्याकाठचं, त्या रोज खातात ते. एकीत गावची मारवेल आणि एकीत डोंगरची. सगळं आज पहाटे कापलंय आणि सारखं तोललंय. सकाळची वैरण दिलेली नाही. कुठलं कुठे ठेवायचं ते काका ठरवणार, म्हणजे माझ्यावर आळ नको."

"पारा दाराजवळ," हर्षद म्हणाला. "सगळ्यात सोयीचं."

"चालेल."

"आणि तुझं डोंगराचं भिंतीला, कोपऱ्यात. तिथे म्हशी जात नाहीत. त्यांनाही अक्कल आहे."

"काका, टोमणे नंतर. आधी भारे उचला."

रत्नप्रभाने पदर खोचून भारे आणून दिले. राजेशने दावी सोडली. म्हशी सावकाश, जड पावलांनी पुढे आल्या. दाराजवळच्या पाऱ्याकडे सगळ्यांत पुढच्या शेवंतीने सवयीने तोंड वळवलं, तिथेच थबकली, आणि मग मान उंचावून नाकपुड्या फुलवत सरळ आत गेली. बाकीच्या तिच्यामागे. बघता बघता दोन्ही मारवेलींच्या गव्हाणींशी रेटारेटी सुरू झाली. बिजलीने चांदीला शिंगाने बाजूला सारलं. पारडी दोघींच्या पोटाखालून घुसली. पाऱ्याच्या गव्हाणीत एक कावळा येऊन बसला.

"अरे देवा," हर्षद म्हणाला.

"खाल्ल्यानी!" आबांनी मांडीवर थाप मारली. "गावचा गवत ता! म्हशीक वळख पटली."

"आबा, या म्हशी गावाला कधी गेल्यात?" राजेश हसत म्हणाला. खूप दिवसांनी तो असा मोकळा हसत होता. "बोल हर्षद. आता?"

हर्षदने हात वर केले. "आता काय? शब्द म्हणजे शब्द. उद्या ओवाळून झालं की ठेकेदाराला फोन करतो." त्याचं मन मात्र मानेना. म्हशींनी गवत खाल्लं होतं, पण त्याची भिंत होती तिथेच होती. "वाट लावलीस माझी, श्वेता," तो म्हणाला, आणि तिच्या पाठीवर थोपटलं.

माणसं फराळाला आत गेली. श्वेता मागे राहिली, कारण उरलेलं गवत तोलायचं होतं. मारवेलीचं फारसं उरलंच नव्हतं. गावचीचे जाडे दांडेसुद्धा म्हशींनी सोडले नव्हते. हे तिला खटकलं. गावची मारवेल लवकर फुलोऱ्यावर येऊन निबर झाली होती. ते दांडे म्हशी टाकून देणार असं ती धरून चालली होती.

गव्हाणीच्या कडेवरून मुंग्यांची रांग चालली होती.

तिने वाकून पाहिलं. रांग भिंतीतून निघून गव्हाणीत उतरत होती. शेजारच्या गव्हाणीतही तसंच. पाऱ्याच्या गव्हाणीत एक मुंगी नव्हती. तिने तळाशी बोट फिरवलं. बोट चिकटलं. तिने ते जिभेला लावलं आणि डोळे मिटून घेतले.

रत्नप्रभा स्वयंपाकघरात चकल्या डब्यातून ताटात काढत होती. लेक दारात येऊन उभी राहिली.

"काय गं? दमलीस?"

"आई, गुळाचं पाणी मारलंस?"

"हो," रत्नप्रभा म्हणाली. विचारण्यासारखं त्यात काय आहे हेच तिला कळलं नाही. "पहाटे मारलं. दोन्ही नव्या भाऱ्यांवर."

"का?"

"का म्हणजे? नवी वैरण आली की गुळपाणी शिंपडायचंच. तुझी आजी शिंपडायची, मी शिंपडते. कडबा बदलला तेव्हा शिंपडलं होतं, पेंड बदलली तेव्हाही. नाहीतर म्हशी आठवडाभर तोंड फिरवून बसतात आणि दूध आटतं. तुला माहीत नाही हे?"

"पाऱ्यावर नाही मारलंस."

"त्याला कशाला? ते त्यांच्या सवयीचं आहे." बोलता बोलता रत्नप्रभाचा हात थांबला. चकली ताटाच्या वरच राहिली. "अगं बाई," ती हळूच म्हणाली. "म्हणजे ते..."

"त्यांनी गवत नाही खाल्लं, आई. गूळ खाल्ला."

"कुणाला कळणार आहे?" हे रत्नप्रभाच्या तोंडून निघून गेलं. लेकीच्या चेहऱ्याकडे बघून ती ओशाळली, पण शब्द मागे घेतले नाहीत. "भाऊजी कबूल झालेत. तुझे बाबा हसलेत आज. राहू दे ना गं. पुढे सवय झाली की खातीलच."

"आणि नाही खाल्लं तर? पुढच्या दिवाळीला सगळा उतार मारवेलीचा असेल आणि बाबा रोज त्याच्यावर गूळ शिंपडत बसतील?" श्वेताचा आवाज चढला नव्हता. ती चिडली की तिचा आवाज उलट खाली जाई, आजोबांसारखा. "दोन वर्षं मी हे गवत कापतेय, तोलतेय, परत लावतेय. मला जिंकायचं नाहीये, आई. मला कळायला हवंय."

"मग जा, सांग," रत्नप्रभा म्हणाली, आणि चकली ताटात ठेवली. "पण माझं नाव घेऊन सांग. चूक माझी आहे."

बाहेर सगळे ताटं घेऊन बसले होते. श्वेताने उभ्यानेच सांगितलं. सरळ, जसं झालं तसं.

पहिला भडकला तो राजेश. "तुला गप्प बसवत नाही का गं? गूळ तर गूळ! दोन वर्षं मी तुझ्यासाठी या माणसाला थोपवून धरतोय आणि तू घरच्या घरी माझी जीभ कापतेस?"

"बाबा, तुमच्याच म्हशी आहेत. तुम्हालाच फसवून घ्यायचंय?"

"बघ दादा!" हर्षद उसळून उभा राहिला. "म्हणजे मी कबूल झालो ते फुकट! गुळाच्या जोरावर माझा डोंगर..." तो मध्येच थांबला. त्याला वहिनी दारात उभी असलेली दिसली, ताट हातात आणि मान खाली. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा हर्षद शाळेत होता. त्याचा डबा तिने भरला होता, त्याच्या लग्नाची हळद तिने कुटली होती. त्याचा आवाज खाली आला. "आता काय म्हणणं आहे तुझं?"

"परत घ्यायची. दुपारचं दूध काढून झालं की," श्वेता म्हणाली. "ठोंब उभे आहेत, ताजं कापते. तोवर त्यांना दुसरं काही घालायचं नाही. गव्हाणी घासून घ्यायच्या. आणि काका, तुम्ही राखण बसा."

"बसतो! इथून हलत नाही."

"आणि यावेळी हरलीस तर?" राजेशने विचारलं.

"तर परवा ठेकेदाराच्या माणसांना चहा मी देईन."

आबांनी लाडूचा तुकडा तोंडात टाकला. "सासू गेली तुझी, नायतर माका ह्यां सांगूचा लागला नसता," ते रत्नप्रभाला म्हणाले. "तिच्या गुळपाण्यार माझ्या कितक्यो म्हशी वाढल्यो. तू कित्याक रडतंस? शिकवण ती बरीच हा. जागा चुकली फक्त."

दुपारभर हर्षद गव्हाणींसमोर उपड्या बादलीवर बसून राहिला. नव्या पँटवर शेणाचा पहिला डाग पडला, मग दुसरा. मग त्याने बघणं सोडलं. म्हशी त्याच्याकडे रागाने बघत होत्या, निदान त्याला तसं वाटलं. रत्नप्रभा फराळाची ताटली घेऊन आली.

"वहिनी, या चकलीवर काही शिंपडलं नाही ना?"

"गप्प खा, भाऊजी." तिला हसू आलं, पण ती तिथेच उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्हाला वाटतं आम्हाला भीती नाही."

"तसं कुठे म्हणालो मी?"

"म्हणाला नाहीत, पण वाटतं. तुम्ही आलात की भिंतीकडे बघता. मी बघते ना. तीच भिंत पुढे घरात माझ्या उशामागे येते, भाऊजी. माती आली त्यानंतरचा पावसाळा मी भिंतीला हात लावून झोपायचे. हलली तर हाताला कळेल म्हणून. हे झोपत, मी जागी." तिने ओल्या हाताने कपाळ पुसलं. "यंदा लागली झोप. आमच्या बाजूला तिचं गवत आहे ना. मला त्यातलं शास्त्र काही कळत नाही. पण झोप लागली."

हर्षदने चकली ताटलीत ठेवली.

दूध काढून झालं. घासलेल्या गव्हाणी वाळल्या होत्या. सकाळसारखेच तीन भारे ठेवले गेले आणि म्हशी सोडल्या. या वेळी कुणी हसत नव्हतं.

शेवंती दाराजवळच्या पाऱ्याकडे गेली आणि तिथेच थांबली. बिजली, चांदी, सगळ्या तिच्यामागे. राजेशने तोंड फिरवलं. श्वेता खांबाला टेकून उभी होती. ती जागची हलली नाही.

पारडीला मोठ्यांमध्ये शिरकाव मिळेना. ती भिंतीकडच्या कोपऱ्यात आली, डोंगरच्या मारवेलीत तोंड घातलं आणि खायला लागली. सावकाश, कान हलवत. मग चांदी आली. पारा संपत आला तशी शेवंतीही वळली. तिने आधी गावची मारवेल हुंगली, थोडी पानं ओरबाडली, दांडे सोडून दिले आणि कोपऱ्यात गेली. तिथून कराकरा चावण्याचा आवाज येऊ लागला.

श्वेताने उरलेलं तोललं. पाऱ्याचं काही नव्हतं. डोंगरच्या मारवेलीचा तळाशी थोडा चुरा होता. गावच्या मारवेलीचा निम्म्याहून जास्त भारा तसाच पडला होता.

"पहिला पारा," ती म्हणाली. "दुसरी डोंगरची. पण ती संपवली. उपाशी होत्या हेही धरायला हवं. पुढच्या आठवड्यात परत बघू, पोट अर्धं भरलेलं असताना."

"म्हणजे हरलीस की जिंकलीस?" राजेशने विचारलं. त्याच्या आवाजातला राग गेला होता, उत्सुकता उरली होती.

"म्हणजे बाबा, डोंगरची मारवेल म्हशी खातात. आवडीने नाही, पण न शिकवता खातात. आणि गावची लावण्यात अर्थ नाही. तिने इथे मुळंही कमी धरलीत, मी उपटून बघितलंय. उरलेल्या उतारावर सगळी डोंगरचीच लावायची. सगळं वर्ष त्यावर निघणार नाही, पण पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतचं हिरवं बरंच घरचं होईल."

आबा गावच्या भाऱ्यापाशी आले होते. एक दांडा उचलून ते बोटांत फिरवत राहिले. हे ठोंब त्यांनी स्वतः गोणपाटात गुंडाळून, मांडीवर घेऊन आणले होते.

"नाय रमला हयसर," ते म्हणाले.

"आबा, वाईट वाटून..."

"वायट कित्याक? माका रमाक किती वर्सां लागली, तुका खय ठावक." त्यांनी तो दांडा दारातल्या शेणाच्या गोठ्यात, कारीटाच्या गुरांपुढे ठेवला. "हेंका घाल. हे खातले."

राजेश हसला. "मी शब्द दिला होता. तो गुळावर नव्हता. आता हर्षद काय म्हणतो बघ." आणि त्याने मागे वळून पाहिलं तर बादली रिकामी होती.

हर्षद मागच्या दाराने बाहेर पडून उतार चढत होता. तिन्हीसांजेला अजून अवकाश होता. डोंगरावर पिवळं ऊन होतं आणि गवताच्या तुऱ्यांवर मुनियांचा थवा होता, तो त्याच्या पायरवाने उडाला. आधी तो उघड्या बाजूला गेला. बुटाच्या टोकाने माती उकरली तर ती भसाभस खाली सुटली. मग तो गवतात शिरला आणि इकडेतिकडे बघून, कुणी नाही असं पाहून, डोंगरच्या मारवेलीचा एक ठोंब दोन्ही हातांनी धरला आणि ओढला.

ठोंब आला नाही. त्याने पाय रोवले, श्वास धरला, आबांना चिखलातून ओढलं होतं तसं सगळ्या अंगाने ओढलं. हातात पानं तुटून आली आणि तो मागे बसला, ठपकन, नव्या पँटसकट. खाली घराची पत्र्याची कड दिसत होती. त्या कडेखाली वहिनीची उशी होती. त्याने बसल्या बसल्या खिशातून फोन काढला.

खाली आला तेव्हा सगळे अंगणात होते.

"ठेकेदाराशी बोललो," तो म्हणाला. "परवा येतायत ते, पण उतारावर नाही. पायथ्याशी भिंत घेणार. दगडी, पाणी जायला भोकं ठेवून. ती मी बांधणारच, श्वेता, त्यात तुझं ऐकणार नाही."

"ती मलाही हवीय. आणि उघडी बाजू?"

"तिथे लाव तुझी मारवेल. पुढचा पावसाळा बघू. पण एक ढेकूळ जरी घरात आलं..."

"आलं तर तुम्ही जाळी ठोका. मी धरायला येईन," श्वेता म्हणाली. मग तिची नजर त्याच्या पँटवर गेली आणि तिने जवळजवळ किंचाळूनच हात पुढे केला. "काका! हलू नका!"

"काय? साप?"

"बी!"

हर्षदने खाली पाहिलं. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत आणि मागे बसला होता तिथेही, पँटला मारवेलीची कुसळं चिकटली होती. सगळा पाय तपकिरी, केसाळ दिसत होता.

"डोंगरचीच आहे ना? कुठे बसला होतात? वरच्या पट्ट्यात? पिकलंय म्हणजे! पंधरा दिवस मी वाट बघतेय, आणि ते तुम्ही पँटवर घेऊन चाललात मुलुंडला!" तिने पेपर अंथरला. "बसा इथे. एकेक काढून ठेवा. झटकू नका, वाऱ्यावर जाईल."

"अगं, नवी पँट आहे..."

"धुऊन देते नंतर. आधी बी."

हर्षद बसला. रत्नप्रभा येऊन त्याच्या दुसऱ्या पायाशी बसली आणि चष्मा लावून कुसळं वेचू लागली. राजेशही वाकला. आबांनी खुर्ची जवळ ओढली, पण त्यांच्या बोटांना ते बारीक बी सापडेना.

"उघडी बाजू केवढी आहे, माहीत आहे ना?" हर्षद म्हणाला. "एका पँटच्या बियांत काय होणार?"

"उद्या भाऊबीजेला परत या," श्वेता मान वर न करता म्हणाली. "दुसरी पँट घालून."

हर्षदने एक कुसळ ओढून काढलं, उजेडात धरलं, आणि सांभाळून पेपरवर ठेवलं.